ब्रेकातलं तेल

"माझ्या पोरीची मांडी तुम्ही मोडली, साहेब. घाटाला दोष देऊ नका. तिच्या सायकलीच्या ब्रेकात मोटारसायकलच्या ब्रेकचं तेल कोणी भरलं, ते सांगा."

सराव केंद्राच्या साहेबांना द्यायच्या अर्जाची सुरुवात भगवंतरावांनी अशी केली. 'विनंती' हा शब्द त्यांनी खोडून टाकला. चूक ज्यांची, त्यांना विनंती कसली करायची?

हिवरखेडला त्यांची भाजीची आणि झेंडूची शेती. मुलगी प्रतीक्षा एकोणीस वर्षांची. अमरावतीच्या सराव केंद्रात राहून डोंगरी सायकल चालवायची. मागच्या आठवड्यात निवड चाचणी होती. चिखलदऱ्याच्या घाटातल्या एका वळणावर ती वळलीच नाही, सरळ खाली गेली. शुद्धीवर आल्यावर एवढंच बोलली, ब्रेक लागला नाही.

केंद्राने चौकशी दोन शब्दांत उरकली. खेळाडूची चूक.

भगवंतराव केंद्रात गेले. स्टोअरमध्ये चुकीच्या तेलाची बाटली आल्याचं तिथे त्यांच्या कानावर आलं. कोणाला न विचारता पोरीची सायकल उचलली, भाजीच्या टेम्पोत टाकली आणि अकोल्याला देवानंदच्या दुकानात आणली. देवानंद केंद्राचा ठेक्यावरचा मेकॅनिक. दर सोमवारी अमरावतीला जाऊन सायकली तपासायचा. केंद्राच्या स्टोअरमधून चुकीची बाटली आली, असं भगवंतरावांना त्याच्याकडून लिहून घ्यायचं होतं.

बाटली चुकीची आली होती, हे देवानंदने लगेच कबूल केलं. या सायकलींच्या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं. मोटारसायकलच्या ब्रेकचं घातलं की आतलं रबर फुगतं, अन ब्रेक ऐन उतारावर दगा देतो. हे भगवंतरावांना शिकवावं लागलं नाही. फवारणी पंपाचे रबरी वायसर रॉकेलमध्ये कसे फुगतात, हे त्यांनी तीस वर्षं पाहिलं होतं.

पण ती बाटली आपण उघडलीच नाही, आपल्या दुकानातलं तेल नेऊन भरलं, असं देवानंदचं म्हणणं होतं.

"साहेबाले भेऊन राहिला तू," भगवंतराव म्हणाले.

"भेलो असतो तं बाटलीचं कबूल केलं असतं का, भाऊ?"

मग त्याने चहाचे दोन काचेचे ग्लास पाण्याने भरले. पहिल्यात मोटारसायकलच्या ब्रेकचं तेल ओतलं. ते पाण्यात विरघळून दिसेनासं झालं. दुसरा ग्लास त्याने भगवंतरावांपुढे सरकवला, हातात सिरिंज दिली आणि ब्रेकातलं तेल त्यांनाच काढायला सांगितलं. म्हणजे नंतर हातचलाखीची बोंब नको.

भगवंतरावांनी पुढच्या ब्रेकातलं काढलं, मागच्यातलंही काढलं. दोन्ही वेळा तेल पाण्यावर तरंगत राहिलं. त्यांनी ग्लास उजेडात धरला, काडीने ढवळला. तेल खाली जाईना.

देवानंदने ब्रेक खोलला. रबर जसंच्या तसं. पुढचे धक्के झेलणारा फोर्कही खोलला. आतलं तेल बरोबर, नळ्यांवर ओरखडा नाही. वाकलेलं पुढचं चाक काढून दुसरं घातलं, तेल पुन्हा भरलं आणि सायकल ढकलून ब्रेक दाबायला सांगितलं. चाक जागच्या जागी थांबलं. भगवंतरावांनी सात-आठ वेळा करून पाहिलं. दर वेळी थांबलं.

अर्ज गेला तर आपला ठेका जाईल, हे देवानंद एकदाही बोलला नाही. त्याने हात पुसले.

"अर्ज द्यायचा तं खुशाल द्या. पण पहिले पोरीसोबत बोला."

भगवंतरावांनी टेम्पो अमरावतीच्या दवाखान्याकडे वळवला. प्रतीक्षा खोटं बोलणारी पोरगी नव्हती. लहानपणापासून ना हट्ट, ना तक्रार. सायकल शर्यतीत तालुक्यात पहिली आली तेव्हा गावाने तिला खांद्यावर घेतलं, तेव्हाही ती खाली मान घालून होती. अशी पोर खोटं बोलते म्हणजे तिला कोणीतरी बोलायला लावलं असणार. सरावात काहीतरी भलतं घडलं असेल, ते दाबायला ब्रेकचं नाव पुढे केलं असेल. मूर्तिजापूर मागे पडलं तोवर त्यांची खात्री झाली. अर्जात आता तेलाऐवजी माणसाचं नाव लिहायचं, एवढाच फरक.

दवाखान्यात प्रतीक्षाची आई सत्यवतीबाई पोरीला संत्र्याच्या फोडी सोलून देत होत्या. भगवंतराव स्टूल ओढून खाटेजवळ बसले. ब्रेक चांगले निघाले, हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं.

"कोणी बोलायले लावलं तुले? नाव सांग. मी पाहून घेतो त्याले."

"कोणीच नाही."

"भेऊ नको, माय. बाप बसला हाये इथं."

प्रतीक्षाने फोड आईच्या हातात परत दिली. मग सांगत गेली. ते वळण तिने तीन दिवस आधी पाहून ठेवलं होतं. खाली दगड नव्हते, नुसतं गवत होतं. त्या दिवशी तिने बोटं ब्रेकवर ठेवलीच नाहीत. हाड मोडलं की केंद्रवाले घरी पाठवतात, हे तिला माहीत होतं. दुसरा कोणताच रस्ता तिला दिसला नव्हता.

सत्यवतीबाईंनी हातातली फोड ताटलीत ठेवली.

"दिवाळीत मी तुमाले सांगतलं होतं, बाबा," प्रतीक्षा म्हणाली, "मले उताराचं भेव वाटते, मले केंद्रात परत पाठवू नका. तवा तुमी आयकलं होतं का नाही? सांगा मले."