व्याह्यांची टाळी

व्याह्यांचं वागणं सरुबाईंना मुळीच पटेना. शहाण्णव सालच्या जत्रेतली कबड्डी, सणसर विरुद्ध नरसिंहपूर. नरसिंहपूरची झाडून सगळी माणसं पलीकडच्या बाजूला, आणि सुनेचे वडील झुंबरराव तेवढे इकडं सणसरकरांत, सरुबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर. मुलीचा बाप, बसवलं तिथं बसला.

झुंबररावांचा धाकटा नरसिंहपूरकडून चढाईला आला. सणसरच्या पोरांनी त्याला घोट्याला धरून आडवा केला, तशी झुंबररावांनी सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली. "भारी धरला तुमच्या पोरांनी," असंही म्हणाले. थोड्या वेळानं धाकटा परत आत आला आणि एका दमात तिघांना बाद करून गेला. झुंबररावांचे हात वर उठले, नजर सरुबाईंकडं गेली, आणि हात गुपचूप मांडीखाली गेले.

सरुबाई पदर खोचून उभ्या राहिल्या.

"पाव्हणं, लेक दिली तुमी आमाला, गाव न्हाय दिलं! काढा ते हात आन् वाजवा टाळ्या. तसंबी हरणार तुमीच हाय!"