जवळची लेन्स

दुकानदारानं दोन्ही लेन्स काउंटरवर मऊ कापडावर ठेवल्या आणि समोरच्या बहिणींकडे आळीपाळीनं पाहिलं.

"घ्यायची कुणाला आहे?"

"मला," धाकटी म्हणाली. "पण निवडणार ताई. मला लेन्समधलं ओ की ठो कळत नाही."

थोरलीचे केस फोटोच्या धंद्यातच पांढरे झाले होते. पासपोर्ट, लग्नं, शाळांचे वर्ग, काही सोडलं नव्हतं. धाकटी कॉलेजात गणित शिकवायची. नुकताच तिनं हौसेनं एक जुना लाकडी कॅमेरा घेतला होता. काळा भाता, मागे दुधी काच, काळ्या कापडात डोकं खुपसून बघायचं, आणि एका वेळी एकच फिल्म, तळहाताएवढी. लेन्स तेवढी नव्हती.

"फिल्मचा कर्ण जेवढा, साधारण तेवढी लेन्स म्हणजे स्टँडर्ड, असं वाचलं," धाकटी म्हणाली. "कर्ण मी काढला. दीडशे मिलिमीटरच्या आसपास येतो. पण ते कागदावरचं गणित झालं. तू सांग."

दुकानदारानं आधी दीडशेची लेन्स कॅमेऱ्यावर बसवली आणि स्वतःच समोर स्टुलावर जाऊन बसला. थोरली कापडाखाली शिरली. दुधी काचेवर दुकानदार उलटा लटकत होता. त्याचा चेहरा काचभर व्हावा म्हणून तिला कॅमेरा पार त्याच्या अंगावर न्यावा लागला. तो अवघडला. शिवाय नाक बाकीच्या चेहऱ्याच्या पुढे धावत होतं.

मग दोनशेदहाची. कॅमेरा मागे सरला, दुकानदाराचे खांदे सैल झाले, नाक आपल्या जागी गेलं. थोरली कापडातून बाहेर आली. तिच्यापुरता निकाल लागला होता.

"काढणार काय आहेस? देखावे की माणसं?" तिनं विचारलं.

"आधी आईचा काढणार."

"आई बसायची नाही."

"बसतेय की! तीच म्हणाली, रविवारी ये."

थोरलीनं चष्मा काढून पदरानं पुसला. घरातल्या सगळ्या अल्बममध्ये आई होती ती पाठमोरी, नाहीतर कुणाच्या तरी खांद्याआड अर्धी. थोरलीनं कॅमेरा उचलला की तिला चुलीवरचं काहीतरी आठवायचं. माझा कसला फोटो काढतेस, म्हणून ती उठून जायची.

"तुला कशी काय हो म्हणाली?"

"मी सांगितलं, अर्धा तास तरी बसावं लागेल. तर म्हणते, मग चालेल." धाकटी हसली. "म्हणे, ताईचं लगेच उरकतं. माझं तोंड नीट होईपर्यंत ती निघालेली असते."

थोरली हसली नाही. लहानपणी धाकटीला काड्यापेटीलासुद्धा हात लावू न देणाऱ्या आईनंच थोरलीला तिच्या हातात पहिला कॅमेरा द्यायला लावला होता. फिल्म कशी भरायची, उजेड कसा बघायचा, सगळं थोरलीनंच शिकवलं होतं. आणि आता अर्धा तास.

"चेहऱ्यांसाठी म्हणाल तर," दुकानदार बोलू लागला, "मी आपली ही दुसरी..."

"तिला स्टँडर्ड हवीये," थोरली म्हणाली. "दीडशेची द्या."

दुकानदारानं तिच्याकडे पाहिलं. ती काउंटरकडे बघत होती. त्यानं मुकाट्यानं दीडशेची लेन्स बांधायला घेतली.

"नक्की ना ताई?"

"नक्की." मग तिनंच विचारलं, "रविवारी उजेड धरायला कुणी आहे का तुला? मी येते."

रविवारी आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. केस विंचरलेले, हात मांडीवर. थोरली एका बाजूला पांढरा पुठ्ठा धरून उभी राहिली. खिडकीतला उजेड पुठ्ठ्यावरून आईच्या दुसऱ्या गालावर पडत होता. धाकटीनं काचेत बघून कॅमेरा पुढे घेतला. अजून पुढे. पुन्हा अजून. लेन्स आईच्या चेहऱ्यापासून हातभरावर आली.

आता तोंड फिरवेल, थोरलीच्या मनात आलं. आता उठेल.

"केवढी जवळ आलीस गं!" आई म्हणाली.

"यात असंच यावं लागतं, आई. त्रास होतोय का?"

"छे. एवढ्या जवळ आलीस म्हणून दिसतेस तरी. लांबचं सगळं धुरकट झालंय हल्ली."

थोरलीला हे ठाऊक नव्हतं. ती दर आठवड्याला येत होती. दारातून काय हवं नको ते विचारायची, पिशवी टेबलावर ठेवायची.

धाकटी पुन्हा कापडाखाली गेली. भाता थोडा पुढे, थोडा मागे. आई मान ताठ करून बसून राहिली. तिचं तोंड हळूहळू नीट झालं, पाहुण्यांसमोर असतं तसं नव्हे, एकटी असताना असेल तसं. थोरलीनं ते तोंड कधी पाहिलं नव्हतं.

काळं कापड एका बाजूनं घसरून भात्यावर आलं. आईनं ते पाहिलं. किंचित पुढे वाकून तिनं हात लांबवला, कापड नीट ओढून धाकटीच्या डोक्यावर घेतलं, आणि हात तिथंच ठेवला.

"गुदमरशील आतमध्ये," ती म्हणाली.

"नाही गं, आई. मागे हो. हलू नकोस."

आई मागे झाली.

"ताई," कापडाखालून आवाज आला, "उजेड हलतोय."