लॉनीच्या गाडीतला आरसा

माझा नवरा लॉनी गेल्यावर त्याची सत्तर सालची जांभळी चॅलेंजर गाडी ओहायोचे दोन अख्खे हिवाळे गॅरेजमध्ये ठोकळ्यांवर उभी होती. बॅटरी काढलेली, अंगावर खोळ, चावी माझ्याकडे.

दर रविवारी मी ती पुसायचे, आत बसून आरसा माझ्या नजरेला जुळवायचे. पुढच्या रविवारी तो पुन्हा लॉनीच्या उंचीला लागलेला असायचा.

"अगं कॅरी, जुना आरसा तो, ढिला झालाय," सासरे म्हणाले. "विकून मोकळी हो. गाडीला किती दिवस कवटाळून बसणार?"

आज गिऱ्हाईक गाडी न्यायला येणार होतं. शेवटचं म्हणून मी लेकीला, जोसीला घेऊन आत शिरले. मागच्या सीटवर लॉनी कुणाला टेकूही द्यायचा नाही. "कंपनीची मूळची शिवण आहे, बाईसाहेब!" मला म्हणायचा. जोसी जन्मली तो गेल्यावर दोन महिन्यांनी. मी तिला तिथेच बसवलं आणि पुढे येऊन बसले.

आरशाला मी हात लावला नव्हता. तो माझ्या डोळ्यांदेखत सावकाश खाली झुकला आणि जोसीवर थांबला.

जोसी आरशाकडे बघून हसली. मग तिने दोन्ही हात वर केले, रोज उचलून घेणाऱ्या माणसाकडे करतात तसे.