जावईबापूंचा प्रथमोपचार

कुत्र्याच्या घशात काही अडकलं तर काय करायचं, याचं दोन तासांचं शिबिर जावईबापू रविवारी करून आले आणि तेव्हापासून सासूबाईंचे कान किटले. सोनेरी अक्षरांचं प्रमाणपत्र टीपॉयवर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत भरेल असं मांडलेलं. सासूबाईंनी घरच्या कुत्र्याला, ढब्बूला, नुसतं बिस्किट दिलं तरी, "आई, तुम्हाला यातलं कळत नाही. लांबच राहा."

बुधवारी नेमकं ढब्बूच्याच घशात काहीतरी अडकलं. बिचारा डोळे पांढरे करून घरघरायला लागला, आणि जावईबापू गांगरून कपाट उपसायला लागले. "शिबिरात कागद दिला होता हो! पाठीवर थापट्या चार की पाच?"

"तुम्ही मोजा सावकाश," म्हणत सासूबाईंनी ढब्बूचे मागचे पाय उचलले, पाठीत चांगला दणका घातला आणि जबडा उघडून दोन बोटांनी लाळेनं लडबडलेला बोळा ओढून काढला. ढब्बू शिंकला आणि त्यांचा हात चाटायला लागला.

सासूबाईंनी बोळा उलगडला.



सोनेरी अक्षरांत जावईबापूंचं नाव होतं, आणि खाली ठसठशीत शिक्का: 'उत्तीर्ण'.