काचेवरची वाफ

लेकीनं काढलेलं शेवटचं चित्र म्हणजे रानफुलं माळून फेर धरलेल्या बायका. त्यांत तिनं स्वतःलाही रंगवलं होतं. दम्यापायी खरं नाचणं तिच्या नशिबी नव्हतंच. ती गेल्यावर फ्रेमा बनवणाऱ्या बापानं स्वतःच्या हातानं चित्राला काच बसवली.

रोज सकाळी काचेवर आतून वाफ धरायची. फक्त तिच्या तोंडापुढं.

"दमट हवा शिरतेय, दुसरं काय!" म्हणत त्यानं मागच्या फटी चिकटपट्टीनं पक्क्या बुजवल्या.

"अहो, एक फट तरी राहू द्या," बायको कळवळून म्हणाली.

"आयुष्य गेलं माझं या कामात."

दुसऱ्या सकाळी काच लख्ख होती. फेर मोडला होता. सगळ्या बायका फुलांत गुडघे टेकून, खाली पडलेल्या तिला पदरानं वारा घालत होत्या.