दत्तोपंतांची चाल

या, जरा जवळ सरकून बसा, एक नवलाची गोष्ट सांगायची आहे. आजारपणात कीर्तनकार वेणूताईंचं पाठांतर पुसट झालं, तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या कानामागे स्मृतिचिप बसवली. तिच्या अँटिव्हायरसची महिनाभराची फुकट मुदत आज संपली, म्हणून ताई मिरजेतल्या दुकानात परवाना घ्यायला आल्या.

"एक विषाणू सापडलाय, ताई," दुकानदार पराडकर म्हणाले. "एक चाल आपोआप वाजते, स्वतःच्याच प्रती काढते. परवाना चालू झाला की कायमची पुसली जाईल."

"अहो, ती आमच्या पेटीवाल्या दत्तोपंतांची! ते गेले. चाल कुठे लिहिलेली नाही हो."

"पण परवाना नाही घेतला, तर सगळंच पाठांतर धोक्यात."

ताईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तुमच्या डोक्यात चिप आहे?"

"छे! परवडतंय कुठं?"

"मग तिथं हिला कोण पुसणार? ऐका."

काउंटरवर ताल धरून ताई गायल्या. चौथ्या वेळी पराडकरही सुरात गुणगुणू लागले. तेव्हाच ताईंनी परवाना चालू करायचं बटण दाबलं.

पराडकर गुणगुणतच होते.

"गोड आहे हो! कुणाची चाल?" ताईंनी विचारलं.

"तुमच्याच दत्तोपंतांची," पराडकर म्हणाले.

मंडळी, ही चाल कधी कानावर पडली, तर दत्तोपंतांची आठवण तेवढी काढा.