भट्टीवाल्यांचं घर

शेजारच्या दुबेजींनी पत्ता सांगितला आणि तिथेच घात झाला.

"टेंबे? अरे, भट्टीवालों का घर बोलिए ना! वो रहा सामने." जबलपुरातल्या चेरीतालच्या वळणावरून आलेला तो खणखणीत आवाज अतुल टेंबेंना वर गॅलरीत ऐकू आला. मग पत्ता विचारायला गाडीची काच खाली केलेल्या पाहुण्यांना तो ऐकू गेला नसेल, असं कसं म्हणावं?

नागपूरची मोहरील मंडळी टेंब्यांच्या प्रणोतीला बघायला आली होती. बघायला म्हणजे नावापुरतंच. प्रणोती आणि मोहरीलांचा सौमित्र यांनी एकमेकांना केव्हाच बघून ठेवलं होतं. राहिला होता तो सौमित्रच्या आईचा होकार. वसुधाताई नागपुरात व्यसनमुक्ती मंडळ चालवत. ज्या घराला सात पिढ्यांत कधी दारूचा वास लागला असेल, त्या घरची सून करणार नाही, हे त्यांनी फोनवरच बजावलं होतं.

आणि इथे अतुलरावांचे पणजोबा म्हणजे बापूसाहेब भट्टीवाले!

घरात हे नाव कोणी काढत नसे. बापूसाहेब आणि त्यांचा मुलगा पाठोपाठ गेले तेव्हा अतुलरावांचे वडील पाळण्यात होते. ते मामाकडे मझौलीला वाढले आणि फॅक्टरीत नोकरी लागल्यावर या घरात परतले. मग वर्ध्याच्या खादीवाल्या घरातून अतुलरावांची आई लग्न होऊन आली. तिने शेजारणीच्या तोंडून 'भट्टीवाले' ऐकलं, कपाळावर हात मारला आणि तो विषय कायमचा बंद करून टाकला.

"दीपा, आता गं?" अतुलरावांनी बायकोला विचारलं.

"आता काय? बापूसाहेबांना दुसरा धंदा लावून द्या," दीपाताई खव्याच्या जिलब्या ताटलीत मांडत म्हणाल्या. "कोणी तपासायला जाऊन राहिलं का?"

चहाचा पहिला घोट घेऊन वसुधाताईंनी कप खाली ठेवला. "ते खाली भट्टीवाले भट्टीवाले म्हणत होते. ते काय प्रकरण आहे?"

"अच्छा, ते!" अतुलराव हसले. "आमचे पणजोबा हो. महायुद्धाच्या आधीचे ठेकेदार, इमारती बांधायचे. स्वभावानं भलते तापट, सदा पेटलेले. म्हणून लोक भट्टी म्हणायचे."

दीपाताईंनी घाईघाईने पदर तोंडाला लावला.

थाप पचली म्हटल्यावर अतुलरावांना चेव चढला. बापूसाहेब पहाटे घोड्यावरून कामावर जात. भिंत ओळंब्यात नसली की छडीने ढकलून पाडत आणि त्याच मिस्त्रीला जेवू घालून पुन्हा बांधायला लावत. अर्धं जबलपूर त्यांनीच उभं केलं होतं. बोलता बोलता अतुलरावांना हे पणजोबा मनापासून आवडू लागले. जन्मभर ज्या माणसाचं नाव निघालं की मान खाली जायची, त्याच्याबद्दल छाती फुगवून बोलताना किती बरं वाटत होतं!

सौमित्रचे वडील आल्हादराव आतापर्यंत मुकाट्याने जिलबी खात होते. त्यांनी एकदम विचारलं, "आणि चुना कुठून आणायचे?"

"चुना?" अतुलराव अडखळले. "बाजारातून. चांगल्यातला."

आल्हादरावांना जोराचा ठसका लागला. प्रणोती पाणी घेऊन धावली.

"त्यांनी बांधलेलं एखादं काम दाखवा ना मग," वसुधाताई म्हणाल्या. "अहो, तुम्ही बघून या. मी तोवर मुलीशी बोलते."

दोघे बाहेर पडले. दगडी बांधणीची एक जुनी शाळा जवळच होती. तीच पणजोबांच्या नावावर खपवायची, असं अतुलरावांनी जिन्यातच ठरवलं. चौक आला. ते रस्ता सांगणार तोच आल्हादराव डावीकडच्या गल्लीत वळलेसुद्धा. चला, एवढं तरी सोपं झालं, असं अतुलरावांना वाटलं.

शाळेच्या कमानीखाली उभं राहून त्यांनी खांबावर थाप मारली, तोंड उघडलं आणि त्यांची नजर आल्हादरावांवर गेली. समोरचा माणूस फार सज्जन दिसत होता. उद्या याच्याच घरी पोरगी जायची. खोट्यावर तिचा संसार उभा करायचा?

"साहेब, मी सगळं खोटं बोललो," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. "ठेकेदार नाही अन् काही नाही. आमच्या पणजोबांची दारूची भट्टीच होती. मला काय वाटेल ते बोला, पण पोरीला काहून शिक्षा? तिचं लग्न मोडू नका."

 आल्हादराव एवढे मोठ्याने हसले की कमानीतली कबुतरं उडाली.

"अहो, ही शाळा खरंच बापूसाहेबांनी बांधली. लहानपणी आजोबांनी मला इथेच उभं करून सांगितलं होतं. फार मोठा ठेकेदार. बाजारचा चुना कधी वापरायचा नाही, स्वतःच्या भट्टीत भाजून घ्यायचा. म्हणून तर भट्टीवाले!"

अतुलरावांनी खांबावरचा हात काढलाच नाही. "चुन्याची भट्टी?" ते पुटपुटले. "पण मग तुमच्या आजोबांना जबलपूरचं एवढं कसं ठाऊक?"

आल्हादरावांचं हसू मावळलं. त्यांनी गल्लीच्या टोकापर्यंत नजर टाकली, कोणी येत नाही याची खात्री केली आणि अतुलरावांचा हात घट्ट धरला.

"हिच्या कानावर मात्र जाऊ देऊ नका, व्याहीबुवा. त्या काळी इथे दोन भट्ट्या होत्या. चुन्याची तुमची. दारूची आमची."